सदतिसाव्या वर्षी नायिकेची आई?

वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात: मी मूळची सोलापूरची, वय 37. राज्य नाट्य स्पर्धेत बरीच वर्षं काम केलं, हुतात्मा स्मृती मंदिरात अभिनयाची बक्षिसंही घेतली. सात वर्षांपूर्वी एका मालिकेत छोटी भूमिका मिळाली म्हणून मुंबईला आले. तेव्हापासून नायकाची वहिनी, नायिकेची मैत्रीण, ऑफिसातल्या मॅडम अशीच कामं मिळत आली. कांदिवलीला आणखी दोघींबरोबर भाड्याने राहते. नवरा सोलापुरात शिक्षक आहे, नऊ वर्षांचा मुलगा त्यांच्याजवळ आणि सासूबाईंजवळ असतो. शूटिंग नसलं की मी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने घरी जाते. आताची मालिका दोन महिन्यांत संपतेय. नव्या मालिकेसाठी विचारणा झाली आहे, पण भूमिका नायिकेच्या आईची आहे आणि नायिकेचं काम करणारी मुलगी 24 वर्षांची. एकदा पडद्यावर आई झालीस की संपलं, असं ग्रुपमधले सगळे सांगतात. इकडे जुळे सोलापूर या भागातल्या एका खासगी शाळेत जूनपासून नाट्यशिक्षिकेची जागा आहे. सात वर्षं झाली, अजून मी ‘आणि इतर’मध्येच आहे. मुलगा आता फोनवर बोलायला येत नाही. नवरा काही म्हणत नाही, पण त्यांच्या मनात काय आहे ते कळतं. आईची भूमिका घेऊ, चांगली भूमिका येईपर्यंत थांबू, की सरळ परत येऊ? चार-पाच दिवसांत उत्तर द्यायचं आहे.

---

ताई, भूमिका घ्यावी की नाही याचं उत्तर मी देणार आहे आणि गोलमोल देणार नाही. पण आधी तुमच्या त्या एका वाक्याबद्दल बोलू: ‘अजून मी आणि इतरमध्येच आहे.’

या वाक्यात तुम्ही असं धरून चालला आहात की वहिनी, मैत्रीण, मॅडम या नायिका होण्याच्या वाटेवरच्या पायऱ्या होत्या आणि तुम्ही मधल्याच पायरीवर अडकून पडलात. घरी आलात की शेजारच्या काकूही हेच विचारत असणार, ‘काय गं, मेन रोल कधी?’ त्यांचं चुकत नाही, त्यांना आतलं माहीत नसतं. तुम्हाला मात्र सात वर्षांत दिसलं असेल की नायिकेचा व्यवसाय आणि चरित्र अभिनेत्रीचा, म्हणजे आई, वहिनी अशा सहायक भूमिका करणारीचा, व्यवसाय हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. वाहिनी नव्या मालिकेला बहुधा नवा चेहरा शोधते. गाजलेल्या मालिकेची नायिका मालिका संपल्यावर बरेचदा घरी बसून असते, कारण लोकांना तिच्यात तेच जुनं पात्र दिसतं. वहिनीचं तसं होत नाही. तुम्ही सात वर्षांत एकामागून एक कामं केलीत, म्हणजे तुम्हाला परत परत बोलावलं गेलं. ज्या धंद्यात पहिलं काम ओळखीने मिळू शकतं पण तिसरं-चौथं फक्त कामावरच मिळतं, तिथे ही मोठी गोष्ट आहे. पत्रात तुम्ही ती एका ओळीत उरकलीत आणि तीही तक्रारीच्या सुरात.

तुम्ही रोज जे करता ते जरा जवळून बघा. दिवाणखान्याचा सेट. घरातले नऊ जण उभे, नायिकेवर चोरीचा आळ. आधी मास्टर शॉट होतो, म्हणजे सगळे एका चौकटीत, मग नायिकेच्या चेहऱ्याचे क्लोज, मग सासूचे. तुमची पाळी येते तेव्हा रात्रीचे साडेनऊ झालेले असतात आणि नायिका पॅकअप करून निघून गेलेली असते. तुम्ही बघायचं कॅमेऱ्याच्या शेजारी स्टँडवर चिकटवलेल्या टेपच्या तुकड्याकडे. समोरची वाक्यं असिस्टंट कोरड्या आवाजात वाचणार. त्यावर तुम्ही आधी दचकायचं, मग संशय घ्यायचा, मग त्या पोरीची कीव करायची, आणि वाक्य एकही नाही. सकाळच्या मास्टरमध्ये फुलपात्र डाव्या हातात होतं, पदराचं टोक मनगटावर होतं, हे लक्षात ठेवून सगळं तस्संच. एडिटर नेमका त्या दीड सेकंदावर प्रसंग तोडतो. तिथे तुम्ही खोट्या पडलात तर नायिकेचं अख्खं रडणं वाया जातं. हे काम ज्यांना जमतं त्यांना दिग्दर्शक ओळखून असतात, प्रेक्षकांना नाव माहीत नसलं तरी.

आपल्याच गावची माणसं आठवा. शशिकला सोलापुरात जन्मल्या, 1932 साली. लहानपणापासून रंगमंचावर उभ्या राहिल्या, घरची परिस्थिती बिघडल्यावर कुटुंबाबरोबर मुंबईला गेल्या. लोकांच्या मनात त्या राहिल्या त्या 1962 च्या ‘आरती’मुळे आणि 1963 च्या ‘गुमराह’मुळे. दोन्हींत नायिका दुसऱ्याच होत्या आणि दोन्हींसाठी सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर शशिकलांना मिळालं. तेव्हा त्या तिशीत होत्या. पुढे कित्येक वर्षं त्या काम करत राहिल्या, उतारवयात छोट्या पडद्यावरही दिसल्या, 2007 साली पद्मश्री मिळाली. अतुल कुलकर्णी सोलापुरात शिकले, इथल्या हौशी नाटकांतून दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले. त्यांचे दोन्ही राष्ट्रीय पुरस्कार, ‘हे राम’चा आणि ‘चांदनी बार’चा, सहायक अभिनेता म्हणूनच आहेत. तुम्हालाही बक्षीस मिळेल अशी आशा लावायला मी ही नावं घेत नाही. मला दाखवायचंय ते एवढंच की या माणसांचं मोठं काम सहायक भूमिकांतच झालं, ते सोडून पुढे गेल्यावर नव्हे.

आता ‘आई’कडे येऊ. ‘एकदा आई झालीस की संपलं’ हे तुम्हाला सांगणारे नक्की कोण आहेत, हे बघा. बहुतेक तुमच्याच वयाच्या, त्याच भूमिकांच्या रांगेत उभ्या असलेल्या मैत्रिणी असतील. त्यांची भीती खरी आहे. पण भीती खरी असली म्हणून तिने सांगितलेलं भविष्य खरं ठरेलच असं नाही.

रोहिणी हट्टंगडींचं उदाहरण घ्या. जन्म 1951 चा. 1984 च्या ‘सारांश’मध्ये तरणा मुलगा गमावलेल्या म्हाताऱ्या आईचं काम केलं तेव्हा त्या अवघ्या 33 वर्षांच्या होत्या. 1990 च्या ‘अग्निपथ’मध्ये त्या अमिताभ बच्चन यांची आई झाल्या. अमिताभ यांचा जन्म 1942 चा. म्हणजे आईपेक्षा मुलगा जवळजवळ नऊ वर्षांनी मोठा! त्या भूमिकेला त्यांना सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. पुढे मराठीत ‘चार दिवस सासूचे’ 2001 पासून 2013 पर्यंत चालली, तीन हजारांहून जास्त भाग झाले, आणि त्या मालिकेचं केंद्र सून नव्हती, सासू होती. पडद्यावर वय वाढवून घेतल्याने त्यांचा रस्ता बंद झाला नाही, उलट लांबला.

पण याच उदाहरणाची दुसरी बाजूही मी तुमच्यापासून लपवणार नाही. सत्तेचाळिशीतला पुरुष नायक आणि चाळिशीही न गाठलेली बाई त्याची आई, हा अन्यायच आहे. आजही मालिकांत 37 वर्षांच्या पुरुषाला नायक म्हणून घेतात, त्याच वयाच्या बाईला नायिकेची आई म्हणून. तुम्हाला ही भूमिका सांगितली तेव्हा पोटात जे तुटलं असेल ते लाड नव्हेत. त्याचा राग येणं बरोबर आहे. आणि शिक्का बसण्याचा धोकाही खोटा नाही. सुलोचनाबाई मराठीत नायिका होत्या, हिंदीत मात्र सोज्वळ आई हीच त्यांची ओळख झाली. काम अखंड मिळालं, पण बहुतेक एकाच छापाचं.

म्हणून ‘आई की नाही’ असा प्रश्न घेऊन बसू नका. कसली आई, ते विचारा. शिक्का बसतो तो दिसण्याने आणि रिकामेपणाने. कानाजवळ पांढरी बट, चष्मा, मोठं कुंकू, हातात पूजेचं ताट आणि तोंडी ‘बाळा, जेवून घे’ एवढंच असेल, तर ती आई घेऊ नका, पैसे बरे असले तरी. कास्टिंगवाल्यांच्या फोनमध्ये तुमचा शेवटचा लूक राहतो आणि पुढची दोन वर्षं तोच तुमच्या आधी पोचतो. पण त्या बाईला स्वतःची गोष्ट असेल, लवकर लग्न झालेली, नवऱ्याशी भांडण असलेली, काहीतरी लपवणारी, मुलीच्या विरोधात उभी राहणारी, तर तेरा वर्षांच्या फरकाकडे कोणी बघत नाही. कमी वयात मूल झालेली आई आपल्याकडे अजिबात अशक्य नाही. पात्राचं वय 42 ठेवून पांढरी बट टाळता येईल का, हे निर्मात्याला मोकळेपणाने विचारा. विचारलं म्हणून काम जात नाही. गेलंच तर पुढे काय झालं असतं तेही कळलं.

होकार देण्याआधी आणखी काही गोष्टी लेखी मागून घ्या, कारण सहायक कलाकाराचं नुकसान भूमिकेपेक्षा कागदावर जास्त होतं. महिन्याला किमान किती दिवसांचं काम नक्की, हे करारात हवं. ‘बारा-पंधरा दिवस तर होतातच’ हे तोंडी आश्वासन ट्रॅक, म्हणजे तुमच्या पात्राचं कथानक, बाजूला पडला की चार दिवसांवर येतं आणि तुम्ही दुसऱ्या मालिकेला हो म्हणायला मोकळ्याही नसता. म्हणून दुसरं, बांधून घेणार असतील तर कशापासून: दुसऱ्या वाहिनीवरची मालिका नको हे समजू शकतं, पण चित्रपट, वेब सिरीज, नाटक, डबिंग, जाहिरात यांना मोकळीक हवी. पैसे किती दिवसांनी मिळणार? नव्वद दिवस ऐकू आलं तर दचकू नका, टीव्हीत ती सर्रास पद्धत आहे. पण नव्वद म्हणजे नव्वदच. ट्रॅक संपवणार असतील तर किती आधी कळवणार? आणि रोजच्या दिवसाचे तास किती? बारा तासांची शिफ्ट चौदावर गेली तर त्याचं काय?

सिंटा ही सिने आणि टीव्ही कलाकारांची संघटना 1958 पासून आहे. सभासद नसाल तर व्हा. पैसे अडकले की तिथे दाद मागता येते. पण हातात काहीच नसेल तर कोणतीही संघटना काय करणार? रोजचा कॉल टाइम व्हॉट्सअ‍ॅपवर येतो तो पुसू नका. किती वाजता सेटवर पोचलात, किती वाजता सुटलात, हे वहीत लिहा. सात वर्षं हे केलं नसेल तर उद्यापासून करा.

आता तुमच्या पत्रातल्या सगळ्यात अवघड ओळीकडे येते: मुलगा फोनवर बोलायला येत नाही.

‘नऊ वर्षांची मुलं फोनवर बोलतच नाहीत’ असं म्हणून मी तुम्हाला धीर देऊ शकते, आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण तेवढ्याने तुमचं समाधान होणार नाही, माझंही नाही. त्याला आई हवी आहे, ते धरूनच चालू. मग मला सांगा, नायिका झाला असतात तर तुम्ही त्याला किती भेटला असता? नायिकेला महिन्यातले बहुतेक दिवस सेटवर काढावे लागतात, सुट्टी कधी मिळेल ते आदल्या रात्रीपर्यंत माहीत नसतं, गणपती-दिवाळीला वाहिनीचे कार्यक्रम. सहायक भूमिकेत दिवस कमी असतात आणि ते एकत्र मागता येतात. ज्या गोष्टीची तुम्हाला लाज वाटते तीच तुम्हाला घरी यायला वाव देते. पण हा वाव मागून घ्यावा लागतो. आजवर तुम्ही मिळालेल्या तारखा घेतल्या, रिकामे दिवस पडले तसे गाडीत बसलात. नव्या मालिकेत पहिल्याच बोलण्यात सांगा की माझे दिवस शक्यतो सलग लावा, आठ-आठ दिवसांचे दोन तुकडे चालतील. सेट लावणाऱ्यांनाही एकेका घराचे प्रसंग एकत्र उरकायचे असतात, त्यामुळे नायिकेच्या माहेरचे प्रसंग सलग होणं त्यांच्याही सोयीचं आहे. शेड्यूल करणाऱ्या माणसाशी चांगले संबंध ठेवा. मानधनाइतकंच महत्त्व त्याला आहे.

सिद्धेश्वर रात्री सुटते आणि सकाळी पोचवते, शिवाय फेब्रुवारी 2023 पासून वंदे भारतही आहे. सलग दहा-बारा दिवस घरी मिळणार असतील तर मुलाला तुम्ही पाहुण्यासारख्या वाटणार नाही. चार तास येऊन खाऊ देऊन जाणारी आई आणि गणिताची वही तपासणारी, डबा करणारी, प्रसंगी रागावणारी आई यांत मुलाच्या लेखी फार फरक असतो. घरी असाल तेव्हा लाड करायला बसू नका. रोजची कामं अंगावर घ्या, सासूबाईंना सुट्टी द्या. त्यांचं वय होत चाललंय, आणि तुमच्या पत्रात त्या फक्त ‘मुलगा त्यांच्याजवळ असतो’ एवढ्यापुरत्याच आल्या आहेत. त्यांच्याशिवाय ही सात वर्षं झाली नसती. धुण्याभांड्याला बाई लावली आहे का? नसेल तर नव्या मानधनातला पहिला खर्च तो असू दे.

नवऱ्याबद्दल तुम्ही लिहिता, ‘मनात काय आहे ते कळतं’. कळतं की तुम्ही ठरवलंय? सात वर्षं आईच्या मदतीने मूल सांभाळणारा शिक्षक गप्प असतो तेव्हा त्याला थकवा असू शकतो, काळजी असू शकते, किंवा बायकोला आडकाठी नको म्हणून तो मुद्दाम गप्प राहत असेल. शाळेच्या जागेची बातमी त्यांनीच आणली असेल तर ती ‘आता ये’ अशी हाक होती की ‘तुला यायचं असेल तर सोय आहे’ असा आधार, हे त्यांनाच विचारायला हवं. त्यांना प्रश्न अगदी नेमका विचारा: अजून किती वर्षं असं जमेल? दोन म्हणाले तर दोन धरून बेत करा. ‘तू बघ काय ते’ असं म्हणाले तर पुन्हा विचारा.

शाळेच्या नोकरीबद्दल मला अनादर नाही. सोलापूरच्या पोरांना चांगली नाट्यशिक्षिका मिळणं ही मोठी गोष्ट आहे. जिने सात वर्षं कॅमेऱ्यासमोर काढली तिच्याकडे त्यांना द्यायला पुष्कळ आहे. पण ही नोकरी तुम्ही शिकवायला आवडतं म्हणून घेताय की मनावरचं ओझं उतरवायला? पत्रात शाळेबद्दल एक ओळ आहे आणि त्या ओळीत मुलं कुठेच नाहीत. ओझं उतरवायला घेतलेली नोकरी दीड-दोन वर्षांत दुसरं ओझं होते, आणि मग घरात कोणी काही बोललं की ‘तुमच्यासाठी सोडलं’ हे तोंडावर येतं. ते मुलाच्याही कानावर पडतं. मधला मार्ग विचारून बघा: पूर्ण वेळेची जागा नको, पण मे महिन्यातलं नाट्यशिबिर, स्नेहसंमेलनाच्या आधीचे काही आठवडे, बालनाट्य स्पर्धेची एखादी एकांकिका. शिकवणं आवडलं तर ती वाट पुढेही राहील. चाळिशीतली अनुभवी नटी शाळेला आजच्यापेक्षा जास्तच हवी असेल.

राहिला ‘चांगली भूमिका येईपर्यंत थांबू’ हा पर्याय. तो मला तिन्हींत सगळ्यात वाईट वाटतो. मुंबईत थांबणं फुकट नसतं. भाडं, प्रवास, ऑडिशनचे कपडे, आणि जुन्या कामाचे पैसे तीन महिने मागून येत राहतात, त्यामुळे काम थांबलंय हे लवकर जाणवतही नाही. जाणवतं तेव्हा खातं रिकामं असतं आणि माणूस हाताला येईल ते घेतो. ही आई नाकारायची तर खुशाल नाकारा, पण मग कांदिवलीची जागा सोडून घरी या आणि घरूनच प्रयत्न चालू ठेवा. पहिली फेरी आता बरेचदा सेल्फ टेपवरच, म्हणजे स्वतःच फोनवर चित्रित करून पाठवलेल्या ऑडिशनवर, होते. घराच्या पांढऱ्या भिंतीसमोर, खिडकीचा उजेड समोरून घेऊन, फोन आडवा धरून केलेली टेप कांदिवलीतून गेली की सोलापुरातून, हे बघणाऱ्याला कळत नाही. दुसऱ्या फेरीला बोलावलं तर रात्रीची गाडी आहेच.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की माहेरी कन्नड बोलतात आणि ऑडिशनला तुमची भाषा गावाकडची वाटू नये म्हणून जपून बोलता. ताई, जपून बोला, पण ती भाषा टाकू नका. ‘सैराट’ 2016 साली आला, आपल्याच जिल्ह्यात करमाळ्याच्या बाजूला चित्रित झालेला, दिग्दर्शक जेऊरचे, नायिका अकलूजची, आणि तीच बोली तोंडात घेऊन तो महाराष्ट्रभर चालला. त्यानंतर आपल्याकडची बोली ज्यांना सहज येते त्यांना शोधत माणसं फिरतात. पुण्या-मुंबईच्या नट्यांना ती शिकवायला माणूस ठेवावा लागतो. तुम्ही मराठीचे दोन्ही बाज, कन्नड, हिंदी आणि सोलापुरात वाढल्यामुळे कानावर पडलेली तेलुगू घेऊन बसला आहात. दाक्षिणात्य चित्रपट मराठीत डब होऊन वाहिन्यांवर दाखवले जातात, त्यांत कन्नड समजणारी मराठी नटी ओठांची लय लवकर पकडते. डबिंगच्या खोलीत तुमचं वय 24 आहे की 60, कोणी विचारत नाही. व्हॉइस सँपल तयार करून दोन-चार स्टुडिओंना देऊन ठेवा. कामांच्या मधल्या रिकाम्या आठवड्यांत याचा फार आधार होतो.

पैशांबद्दल थोडं, कारण पत्रात तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही. घरी बसून एक कागद घ्या आणि गेल्या पूर्ण वर्षाची कमाई लिहा, दर दिवसाचा भाव नव्हे, प्रत्यक्ष खात्यात जमा झालेली रक्कम. त्यातून भाडं, प्रवास, जेवण, कपडे, काम मिळवून देणाऱ्या को-ऑर्डिनेटरचा हिस्सा वजा करा. उरलेल्या आकड्याला बाराने भागा आणि शाळेच्या पगाराशेजारी ठेवा. कदाचित शाळेचा पगार जास्त निघेल, कदाचित निम्मा. जो निघेल तो नवऱ्यालाही दाखवा. मानधनातून दहा टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. विवरणपत्र नीट भरत असाल तर त्यातला बराचसा परत मिळू शकतो. आपल्याकडचे कितीतरी कलाकार ते भरतच नाहीत आणि स्वतःचेच पैसे सोडून देतात. आपल्या व्यवसायात ना भविष्यनिर्वाह निधी, ना पगारी रजा. सहा महिन्यांचं भाडं बाजूला आणि आरोग्य विमा, एवढं असल्याशिवाय कोणतीच भूमिका नाकारण्याची ताकद येत नाही, हीसुद्धा नाही.

हे सदर वाचणाऱ्या आपल्याकडच्या तरुण मुलामुलींसाठी एक गोष्ट इथेच सांगते. ताई सात वर्षांपूर्वी गेल्या तेव्हा पाठीशी राज्य नाट्य स्पर्धेचा अनुभव आणि हातात काम होतं. तसं काही नसताना, कोणी फोनवर ‘तुमची निवड झाली’ म्हणत नोंदणीचे, पोर्टफोलिओचे किंवा सिंटा कार्ड करून देण्याचे पैसे मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका. खरं कास्टिंग करणारा ऑडिशनचे पैसे घेत नाही. आणि ज्यांना खरंच हे काम करायचंय त्यांनी हौशी रंगभूमीवर आधी दोन-तीन वर्षं घाम गाळावा. दुसऱ्याच्या वाक्यावर प्रतिक्रिया द्यायला तिथेच शिकायला मिळतं.

ताई, आता माझं उत्तर. त्या आईला स्वतःची गोष्ट असेल, लूक तुम्हाला पटेल आणि किमान दिवस व सलग तारखा कागदावर मिळणार असतील, तर भूमिका घ्या. यातली पहिली किंवा तिसरी गोष्ट मिळाली नाही तर घेऊ नका. लूकबद्दल थोडं मागेपुढे चालेल. घेतलीत तर नवऱ्याने सांगितलेल्या मुदतीत, समजा दोन वर्षांनी, पुन्हा बसून ठरवा. तेव्हाचं उत्तर वेगळं आलं तरी चालेल.

उद्या प्रॉडक्शनला फोन करून पहिल्या तीस-चाळीस भागांत त्या आईचं काय होतं एवढं विचारा आणि लूक टेस्टची तारीख मागा. ‘होकार लूक टेस्टनंतर देते’ हे सांगायला घाबरू नका, ही रास्त मागणी आहे. टेस्ट शक्यतो सोमवारी घ्या, म्हणजे शनिवार-रविवारी सोलापूरला जाऊन येता येईल. नवऱ्याशी हे बोलणं फोनवर करू नका. आणि त्याच फेरीत शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून मे महिन्यातल्या शिबिराचं विचारून या.